कंदील वर पाहिजे

शाळा सुटली की लख्ख उन्हात कंदील पेटवून होडीत चढणारा माणूस तुम्ही पाहिला आहे? मी रोज पाहत असे. आमचे गोविंदराव मास्तर! आम्ही दोघे तापीपलीकडे जैनाबादच्या शाळेत शिकवत असू आणि संध्याकाळी होडीने बुऱ्हाणपूरला परतत असू.

कंदील बांबूच्या टोकाला, डोक्याच्या हातभर वर. खांद्यावर पांढरंधोप उपरणं. समोरून दुसरी होडी आली की पितळी ताट बडवायचं. ताट वाजलं की होडीतल्या बायका आरती समजून हात जोडत. मास्तर खेकसत, "हात कसले जोडता? हाका मारा!"

नावाडी भागचंद वैतागे. "मास्तर, सूरज डुबला नाही अजून. घासलेट कायको जाळून राहिले?"

"तुझी होडी बुडेपर्यंत थांबू का?"

त्याच सुमारास राज्यांची फेररचना झाली आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. मराठी शाळांचं काय होणार, या काळजीने आम्ही सगळे सुतकी चेहऱ्याने बसलो होतो. मास्तर म्हणाले, "राज्य कुठलंही येवो, तापी इथंच आहे. कंदील वर पाहिजे." एकदा भागचंदने कंदील होडीच्या तळाशी ठेवला, तर हे महाशय उतरले आणि रात्रभर शाळेतच झोपले. भित्रा माणूस, असं अख्ख्या घाटाचं मत होतं.

कार्तिकी पौर्णिमेला सगळं गाव राजघाटावर दिवे सोडायला लोटलं. मास्तर मात्र पायरीवर बांबू उभा धरून बसलेले, शेवटची होडी काठाला लागेपर्यंत.

मी चेष्टेने म्हटलं, "आज तरी खाली ठेवा तो. नदीभर उजेड आहे."

"मीही तिला हेच कळवलं होतं," मास्तर म्हणाले.

मग हळूहळू सांगू लागले. लग्नाला दोनच वर्षं झालेली. बायको पलीकडच्या माहेराहून लहानशा डोंगीतून परत येत होती, ती याच सणाला. मास्तरांनीच निरोप धाडला होता, कंदिलाचं ओझं कशाला, आज पणती पुरे. पणती डोंगीत पाण्यालगत तेवत राहिली. समोरून येणाऱ्या मोठ्या नावेला तोही कुणी सोडलेला दिवाच वाटला.

मला माझ्या चेष्टेचं फार वाईट वाटलं.

"मी इथंच उभा होतो हो," मास्तर म्हणाले. "लांबून दिवे दिसत होते. छान दिसत होते. मी सगळ्यांना हात जोडले. त्यातच एक तिचा होता."