सावळीरामांची राखाडी मिशी

हे लिहूच नये असं वाटत होतं. कारण हा विषय निघाला की रवीला हसू आवरत नाही आणि रोहितला अजून घाम फुटतो.

सातपूरला रवीचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान. शिकला सगळं मोबाईलवर बघून. त्याच्या दोस्तानं, रोहितनं ऑर्डर आणली: निफाडच्या सावळीरामांच्या द्राक्षशेडमधल्या कामगारांसाठी हिरव्या टोप्या, वर त्यांचाच मिशीवाला चेहरा. सावळीरामांच्या मुलीशी, सायलीशी रोहितचं जमलं होतं, पण सांगायची छाती होत नव्हती. टोप्या आवडल्या की खुशीत असताना विषय काढायचा, असा बेत.

चित्रातल्या काळ्या रेघा भलत्याच जाड. टाक्यावर टाका चढून दोरा तुटायला लागला. रवीनं सॉफ्टवेअरमध्ये काळा रंग निवडला आणि त्या रंगाचं सगळं बारीक केलं. रेघा झकास झाल्या. पण मिशीही काळीच. तीही बारीक झाली.

"अरे, हे तर मिसरूड फुटलेलं पोरगं वाटतंय!" रोहित ओरडला. "मिशी म्हणजे त्या माणसाचा जीव आहे, रव्या!"

"थांब ना. मिशीला तात्पुरता दुसरा रंग देतो. मग काळा बारीक केला तरी तिला धक्का नाही."

रंगांच्या यादीतला शेजारचाच राखाडी दिला. रेघा बारीक, मिशी भरदार. त्या आनंदात मिशी परत काळी करायची राहिली. मशीनवर राखाडी दोरा होताच. तिनं इमानदारीत तोच शिवला. नमुन्याची टोपी उतरते न उतरते, तोच सावळीराम आणि त्यांची बायको कुसाबाई दारात.

सावळीरामांनी टोपी निरखली. हात आपल्या काळ्याकुळकुळीत मिशीकडे गेला.

"मी कलप लावतो, हे कुनी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही, काका!" रवी म्हणाला.

"माझ्याकडं काय बघता?" कुसाबाई म्हणाल्या. "मी नाय बोलले."

"मग सायलीनंच सांगितलं आसंल."

"नाही हो काका, सायली असलं काही सांगत नाही मला!" रोहित बोलून गेला.

सावळीरामांनी टोपी खाली ठेवली.

"म्हंजे," सावळीराम सावकाश म्हणाले, "बाकीचं सांगती?"

रोहित भिंतीला टेकला. कुसाबाईंनी पदराआड हसू दाबलं. "मला समदं ठावं हाय. पोरगं चांगलं हाय. आन मिशी आशीच झ्याक दिसती. रंगवू नका म्हणून कधीची सांगते, ऐकता का?"

सावळीराम टोपीकडे बघत राहिले. मग बायकोकडे.

"समद्या आशाच काढ," ते रवीला म्हणाले. मग रोहितला, "आन तू. रविवारी वडलांना घिऊन ये. डोक्यावर टोपीबिपी घालू नको, नीट बघू दे."

ते गेल्यावर रोहितनं आपल्या विरळ केसांवरून हात फिरवला. "रव्या, लग्नात कशावर माझा चेहरा काढलास ना..."

"काढणारच! पण बारीक नाही करणार," रवी म्हणाला. "केस आहेत त्याच्यापेक्षा दाट भरीन. शब्द!"