रिकाम्या दोरीचा आणि दोन मक्यांच्या कसोटीचा वृत्तांत

॥ श्री ॥ जो दाण्यात कोंब आणि कोंबात दाणा राखितो, त्यासी दंडवत. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, वर्तमान ऐसे की, दरबारी विद्वानांनी बियाचे पोटी परका गुण घालून नवा मका सिद्ध केला, आणि तो जुन्या मक्याशेजारी पेरून थोर कोण ते पाहावे, ऐसी सरकारची मर्जी जाहली. मग जुने बी धुंडिता ते दावलजी खिलारे यांचे चुलीवर धुरात टांगलेले सापडले. त्यांची बायको बनाबाई ते राखून वारली होती. घरी मूठभर ठेवूनच बी बाहेर द्यावे ही रीत. परंतु "दसपट परत देऊ" ऐकताच दावलजी फुगले आणि कणसांची अवघी माळ देऊन बसले! आणि दूर माळरानी पेरलेल्या त्या शेताचे राखणीसही तेच नेमिले. परागकण वाऱ्याने हिंडतो, सबब आसपास दुसरा मका नसावा, माणूस फिरकू नये, ऐसा हुकूम. एकटा जीव सदाशिव म्हणणारे म्हणोत. दावलजींस ते माळरान खायला उठे, आणि ते कणसांशी बोलत. लेक सगुणा होती, परंतु तिने आपले मर्जीने लग्न केले म्हणोन "तुझ्या घरचं पाणी पिणार नाही" ऐसी शपथ घालून बसलेले. बनाबाईने मात्र चोरून तिचे ओटीत तेच बी घातले होते.

मग लष्करी अळीने स्वारी केली आणि जुन्याची पाने चाळण जाहली, नवा ताठ उभा. मग पावसाने दडी मारिली आणि नव्याने माना टाकिल्या, जुना तगला. विद्वान आले, मापे घेतली, डोकी खाजविली आणि वदले, "आणखी एक साल पाहू." आणि अवघे शेत पेटवू लागले. दावलजी धावले, "साहेब, माझं बी! माझ्या बनाचं बी आहे हो त्यात!" विद्वान म्हणाले, "बाबा, दोन्हींचे पराग मिसळले. इथला दाणा बाहेर जात नाही." "आणि दसपट?" "ते म्हणणारे साहेब बदलून गेले."

मग दावलजी घरी आले, चुलीवरची रिकामी दोरी पाहून ढसाढसा रडले, आणि तीच दोरी खांद्यावर टाकून लेकीचे गावी गेले. परसात तोच मका उभा. सगुणा दारात येऊन म्हणाली, "बी न्यायला आलात होय, बाबा?"

"होय," म्हणाले, आणि उंबऱ्याशी खाली बसले. "पण आधी पाणी दे, पोरी. किती दिवसांत कुणी विचारलं नाही."

सारांश, नवा थोर की जुना, याचा निकाल दरबारी अद्याप नाही. दावलजींनी तांब्या रिकामा केला, इतके खरे.