मंगळवारची नोंद

माणसाने काय लिहिलं यापेक्षा काय खोडलं, हे सुव्यवस्थेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचं असतं. म्हणून आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात टर्मिनलवर, म्हणजे पंपांना हुकूम देण्याच्या काळ्या खिडकीत, दाबलेली प्रत्येक कळ नोंदली जाते आणि समुद्रापलीकडे सप्पोरोच्या सर्व्हरवर रवाना होते. त्या नोंदी वाचायला निवृत्तीनंतर मला पुन्हा घेतलं आहे. (या कामाला मी लायक आहे का, अशी शंका मीच लेखी कळवली होती. तीही नोंदवून घेण्यात आली.)

योजनेचं यश डोळ्यांत भरण्यासारखं आहे. कोणीतरी वाचतंय म्हटल्यावर कर्मचारी हुकमाआधी माफी टाइप करू लागले: ‘आपल्याला त्रास देतोय, पंप क्रमांक तीन बंद करतो.’ संगणक म्हणतो, ‘असा हुकूम सापडला नाही.’ मग त्याबद्दल पुन्हा माफी. गेल्या वर्षीच्या ४१,२०६ नोंदींपैकी ३८,९११ माफीच्या निघाल्या. पंप सत्तावीस वेळा बंद झाले (त्यांतले नऊ आपणहून).

मंगळवारी विभागप्रमुख उमेझावा टर्मिनलवर बसणाऱ्या इसोगाई-सानच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, “माफीत जरा कंबर वाकू दे.” ते गेल्यावर तिने मैत्रिणीला निरोप लिहिला: ‘उमेझावा म्हणजे रश्शात शिजून लिबलिबीत झालेला मुळा.’ निरोप चुकून काळ्या खिडकीत गेला. संगणक म्हणाला, ‘असा हुकूम सापडला नाही.’

नियम साधे आहेत. नोंद जो वाचेल, त्याने त्याच दिवशी पाचच्या आत शिक्का मारून वर कळवायचं. वर जाताना आठवा शिक्का उमेझावांचा. तीस दिवस कोणीच न वाचलेली नोंद आपोआप पुसली जाते. इसोगाई-सानची नोकरी वर्षाच्या कराराची. करार वाढवतात उमेझावाच.

ती मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांचा, डबा घेऊन आली.

“सान्नोहे-सान, मंगळवारचं वाचलंत?”

“अजून नाही. का?”

तिने सगळं सांगितलं. (ऐकण्याबद्दल नियमात काही नाही.)

“आता वाचावं लागेल,” मी म्हणालो.

“तुमचा चष्मा कधी हरवत नाही का हो?”

“आजवर तरी नाही.”

“चाळीस वर्षं नोकरी करून एकदाही नाही? कमाल आहे!”

चष्मा हरवून आज एकोणतीस दिवस झाले. मी बरोबर केलं की चूक, ते कळेना, म्हणून हकीकत अंदाजानेच इथे लिहून काढली. लिहिणं म्हणजे वाचणं नव्हे, असं माझं मत आहे.

उद्या नोंद पुसली गेली असती. ती कोणीही वाचली नव्हती.

तुम्ही आत्ता इथे वाचलीत. शिक्का जवळ असेलच. पाच वाजायला फार वेळ नाही.