गच्चीवरून मारलेला राजकुमार

मालिका बघावी तर आमच्यासारख्याने! बाकीचे नुसते बघतात, मी ओळखतो. रविवारी सकाळी ‘मायाद्वीप’ सुरू झालं की आज काय होणार, हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. कधीकधी चुकतं, पण तो दिग्दर्शकाचा दोष!

धुळ्यात आमच्या गल्लीत माझा हा लौकिक होताच. पण माझा खरा दरबार भरायचा पारोळ्याला, सासुरवाडीत. तिथे रविवारी सकाळी वीज हटकून जायची. सासूबाई, म्हणजे पार्वताबाई, ‘मायाद्वीप’मधल्या राजकुमार उदयवीरवर पोटच्या पोरासारखा जीव टाकायच्या. म्हणून मालिका संपली की मी एसटीडी बूथवरून देवचंद शेठच्या किराणा दुकानात फोन लावायचा आणि सगळा भाग सांगायचा. तिकडे सासूबाईंच्या कानाला रिसीव्हर आणि त्यांच्या तोंडून ऐकायला अर्धी गल्ली! मी सांगितलेला भाग खऱ्या भागापेक्षा सरस असतो, असं खुद्द देवचंद शेठ म्हणायचे. आता बोला!

आदल्या रविवारी कपटी जादूगाराने उदयवीरच्या हातात विषाचा प्याला दिला आणि भाग संपला. “पितो बघ,” मी बायकोला, कमलला, आठवडाभर सांगत होतो. “पितो आणि मरतो! लिहून ठेव.”

रविवार उजाडला. सुरुवातीचं गाणं वाजतंय तोच पडद्यावर मुंग्या! वानरांनी अँटेना फिरवली होती. मी गच्चीवर धावलो आणि दांडा धरला.

“आलं का?”

“आलं!”

सोडला.

“गेलं!”

तारेने बांधून पाहिलं, विटा लावून पाहिल्या. छे! अँटेनाला माझाच हात हवा होता. खालून कमल ओरडली, “आता हलू नका हं! अगदी तस्सेच उभे राहा!” खाली गल्लीतली पंधरा माणसं आरामात बसलेली आणि मी वर उन्हात, एक हात उंच करून, देवळापुढच्या दीपमाळेसारखा उभा.

हळूहळू खालची कुजबुज थांबली. मग एक हुंदका आला. मग दुसरा. मग शेजारच्या बेबाबाईंनी गळा काढला आणि अख्खं घर रडायला लागलं! माझ्या काळजात चर्र झालं. पण खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. माझा अंदाज बरोबर आला होता!

खाली आलो तर कमल पदराने नाक पुसत होती.

“काय झालं गं?”

“काही विचारू नका! मला बोलवत नाही.”

दुसऱ्या कुणाला विचारायचं? मी? ज्याने आठवडाभर आधी सांगितलं होतं, त्याने? शिवाय पारोळ्याला फोनजवळ माणसं जमली असतील. मी तडक बूथ गाठला.

“सासूबाई, मन घट्ट करा. उदयवीर गेला.”

तिकडून आधी “आँ?” आलं. मग, “कसा ग्या वो माय!”

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा रंग चढला की मी माझंसुद्धा ऐकत नाही. मी प्याला सांगितला, थरथरता हात सांगितला, धावत आलेली आंधळी राणी सांगितली. आणि वर त्याचे शेवटचे शब्द! “आई, तू मला कधी पाहिलं नाहीस, पण मी तुला डोळे भरून पाहिलंय.” फोनमधून असा आकांत उठला की बूथवाल्याने बाहेरून काच वाजवली.

बुधवारी सकाळी मेहुणा पितांबर दारात उभा. त्याचं लग्न ठरत आलं होतं. रविवारी दोंडाईचाहून मुलीचे वडील, मोतीलाल नाना, सुपारी फोडायला येणार होते.

“दाजी, माय नुसत्या चहावर शे! म्हणते, सुतक फिटून गंधमुक्ती होईपर्यंत घरात शुभकार्य नाही. सुपारी पुढे ढकला.”

“गंधमुक्ती? कोण गेलं?”

“तुमचा उदयवीर! नाना भडकले ना! म्हणाले, टीव्हीमधला मरना म्हनीसन सुपारी लांबाडतस? ऐतवारले फुटनी ते फुटनी, नही ते सोयरीक मोडनी!” पितांबरने माझा हात धरला. “सतरा पोरी पाह्यल्यात दाजी. हीच एक मनात बसली.”

तेवढ्यात कमल स्वयंपाकघरातून आली. “उदयवीर मेला? कोण म्हणतं? त्याने प्याला भिरकावला आणि आईच्या कुशीत शिरला! आम्ही आनंदाने रडत होतो!”

दोघं भावंडं माझ्याकडे बघायला लागली. एवढं टक लावून आमच्या घरात टीव्हीकडेही कुणी बघत नाही.

“तुम्हीच मारला,” पितांबर म्हणाला, “तुम्हीच जित्ता करा.”

दुपारच्या एसटीने आम्ही तिघं पारोळ्याला पोचलो. मी सासूबाईंपुढे मान खाली घालून सगळं ओकलो. अँटेना, वानरं, हुंदके, सगळं.

“म्हणजे तुम्ही देखंच नही?”

“नाही.”

“मंग ते शेवटलं बोलनं?”

“ते... माझं.”

सासूबाईंनी पुन्हा पदर डोळ्याला लावला. “इतलं ग्वाड व्हतं ते!” मग नाक पुसून म्हणाल्या, “कमल, भाकर आन. पण जवाईबापू, आते तुमना भरोसा नही. ऐतवारले मी त्याले मन्हा डोयाखाल देखसू, मंगच सुपारी.”

रविवारी पितांबरने ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडली. मोतीलाल नाना पाटावर बसले, हातात सुपारी आणि कपाळाला आठ्या. टीव्हीकडे ते तिरक्या नजरेनेच बघत होते. पडद्यावर उदयवीर आला. हसला! घोड्यावर बसला! सासूबाईंचा चेहरा उजळला. पितांबरने सुटकेचा श्वास सोडला. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं.

आणि जादूगाराने मागून खंजीर खुपसला. उदयवीर पडला. एक शब्दही न बोलता मेला. आणि भाग संपला!

मी सासूबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. इतक्यात एक हुंदका आला. पण तो सासूबाईंचा नव्हता. मोतीलाल नानांचा!

“आज ऱ्हाऊ द्या,” नानांनी सुपारी ताटात ठेवली. “मन्हा हात चालस नही.”

पितांबर भिंतीला टेकला. सासूबाईंनी मात्र डोळे पुसले आणि ताठ बसल्या.

“रडू नका नाना. मन्हा जवाईले जित्ता करता येस.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. घसा खाकरला. मग डोंगरातली गुहा सांगितली, गुहेतला म्हातारा वैद्य सांगितला, बारा वर्षांतून एकदा उगवणारी मुळी सांगितली, आंधळ्या राणीने अनवाणी चढलेला कडा सांगितला. उदयवीरची पापणी हलली तेव्हा नाना गुडघ्यावर बसून ऐकत होते आणि वैद्याबरोबर मुळी चेचता चेचता त्यांच्या हातच्या बत्त्याखाली ताटातली सुपारी कधी फुटली, हे त्यांनाही कळलं नाही!

पुढच्या रविवारी उदयवीर खरोखर उठला का, असं लोक मला अजून विचारतात. ते तुम्ही कमलला विचारा. वानरं आली होती. मी गच्चीवर होतो!