हिरव्या होडीतली पुढची जागा

नदीवर निघायच्या सकाळी हेल्वीने आपली बसायची उशी उचलली आणि नवऱ्याच्या हिरव्या होडीत न ठेवता जावयाच्या लाल होडीत ठेवली. एइनो लाहतिनेन तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून पिठाची पिशवी दोरीने बांधत होता. चुकून ठेवली असेल, असं वाटून तो उशी उचलायला गेला.

"राहू दे तिथंच," हेल्वी म्हणाली. "या खेपेला मी रसेलच्या होडीत बसते."

"का?"

"सहज. नवी होडी आहे, बघू तरी कशी चालते."

"बस की. मला काय करायचंय," एइनो म्हणाला, आणि पिठाच्या पिशवीला त्याने एकाऐवजी तीन गाठी मारल्या. त्या संध्याकाळी सुरीने कापाव्या लागल्या.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि एक्केचाळीस ऑगस्ट दोघं ही नदी उतरत आली होती. होडीत मागे एइनो, पुढे हेल्वी. मागे बसतो तो होडी वळवतो, पुढे बसतो तो वल्ह्याचा जोर लावतो आणि मागच्याचं ऐकतो. एइनो मागून बरंच काही ऐकवत असे. "डावीकडे. डावीकडे म्हटलं ना. खडक दिसत नाही का तुला?" हेल्वीला खडक दिसत असे, कारण ती पुढे बसलेली असे, पण ती काही बोलत नसे. एइनोच्या मते संसार असाच चालतो.

शाळामास्तर रसेल अकरा वर्षं या घरचा जावई होता, पण नदीवर आजवर आला नव्हता. उन्हाळाभर तो दक्षिणेकडे कुठल्याशा शिबिरात मुलांना होडी चालवायला शिकवायचा. या वर्षी ते शिबिर बंद पडलं आणि तो आपली हलकी, चकचकीत लाल होडी गाडीच्या टपावर बांधून आला. एइनोची होडी त्याने स्वतः देवदाराच्या फळ्या वाकवून केलेली, वरून कापड ताणून हिरवा रंग दिलेली. ती उचलायला दोघं लागत. लाल होडी रसेलने एकट्याने डोक्यावर घेतली तेव्हा हेल्वी म्हणाली, "अगं बाई, किती सोपं." एइनोच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून.

तर हिरव्या होडीत पुढे मुलगी काइसा आली आणि सामानाच्या मधोमध नऊ वर्षांची नात तूला. काइसाला वल्हवण्यापेक्षा गप्पांची हौस. लाल होडी पहिल्याच वळणाआड गेली, आणि पाण्यावरून हेल्वीचं हसू मात्र ऐकू येत राहिलं. एक्केचाळीस वर्षांत ती होडीत एवढी हसल्याचं एइनोला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर ती होडीत हसल्याचंच त्याला आठवत नव्हतं. एवढं हसण्यासारखं तो मनुष्य बोलतो तरी काय, हा प्रश्न त्याला काही सुचू देईना.

"जरा जोर लाव," तो काइसाला म्हणाला.

"कुठं पोचायचंय बाबा? गाडी सुटतेय का?"

"आजोबांना आजीजवळ जायचंय," तूलाने सांगून टाकलं. "पण आजी तर आता—"

"तूला, पाण्यात हात घालू नकोस," काइसा म्हणाली. तूलाचे दोन्ही हात बिस्किटांच्या डब्यात होते.

दुपारी नदी अरुंद झाली आणि पाणी उसळायला लागलं. दूरवर लाल होडी दिसली. एइनोला लांबचं धूसर दिसे, आणि पाण्यावर चष्मा लावणं त्याला कमीपणाचं वाटे. तरी होडीची चाल त्याला कळली. मधोमध दोन खडक होते, जेमतेम एक होडी जाईल एवढी फट. लाल होडी किंचित तिरकी झाली आणि सुईत दोरा ओवावा तशी पलीकडे गेली. एइनो तिच्याकडे बघत राहिला. पोराच्या हातात कसब आहे हे त्याला मान्य करावं लागलं, आणि मान्य करावं लागलं म्हणून त्याचा आणखीच जळफळाट झाला. तेवढ्यात त्याची स्वतःची होडी त्या दोनपैकी पहिल्या खडकावर चढली.

कोणी बुडालं नाही. पण हिरव्या कापडाला वीतभर चीर गेली. मुक्कामाच्या जागी रसेलने चिकटपट्टी काढली आणि चीर इतकी सफाईने बुजवली की एइनोला त्यात खोट काढता येईना. रात्रीचं जेवणही रसेलनेच केलं. विस्तवावर भाकरीएवढी जाड रोटी भाजली, तिच्यात रानातली बारीक जांभळी फळं घातली. कॉफी मात्र या घरात एइनोची. काळ्या किटलीत भुकटी टाकून तो ती तीनदा उकळत असे, गाळ खाली बसवायला थंड पाण्याचा हबका मारत असे. रसेलकडे त्याचं स्वतःचं कॉफीचं छोटं दांड्याचं भांडं होतं. हेल्वीने त्याची कॉफी घेतली. मग आणखी एक पेला घेतला. एइनोची किटली विस्तवाशेजारी तशीच भरलेली राहिली. शेवटी त्याने एकट्याने चार पेले संपवले आणि पहाटेपर्यंत टक्क जागा राहिला.

जागेपणी माणसाला विचार सुचतात. नदीवर एक जुनी रीत होती. जो पहिल्यांदा ही नदी उतरतो त्याच्या पाठपिशवीत मोठ्या धबधब्यापाशी गुपचूप एक दगड घालायचा. तिथे पाणी सोडून होड्या आणि सामान जंगलातल्या पायवाटेने दीड किलोमीटर वाहून न्यावं लागतं. पलीकडे पोचल्यावर दगड काढायचा, सगळ्यांनी हसायचं आणि नवख्याने संध्याकाळची भांडी घासायची. दगड मुठीएवढा असावा असा संकेत होता.

दुसऱ्या दिवशी होड्या धबधब्यापाशी लागल्यावर रसेल पायवाट बघून यायला पुढे गेला. एइनोने त्याची पिशवी उघडली, कपड्यांच्या तळाशी मुठीएवढा दगड ठेवला. रीत म्हणजे रीत. तो पिशवी बंद करणार इतक्यात झाडीतून हेल्वीचं हसू आलं. तीही पायवाट बघायला गेली होती. एइनोने पिशवी पुन्हा उघडली आणि पावाच्या लादीएवढा एक काळा दगड आत घातला. मग हसू पुन्हा आलं, आणि त्याने पहिल्याच्या दुप्पट असा आणखी एक घातला.

रसेल परत आला आणि सरळ एइनोसमोर उभा राहिला.

"बाबा, काइसा म्हणत होती तुमचा गुडघा धरतो. स्वयंपाकाची पिशवी मला द्या, तिच्यात बिडाचा तवा आहे. तुम्ही माझी घ्या, तिच्यात नुसते कपडे आहेत."

"नको, नको. ज्याची त्याने न्यावी."

"घे की," हेल्वी म्हणाली. "एवढ्या मायेने सांगतोय तो. नुसते कपडे तर आहेत."

एइनोने पिशवी पाठीवर घेतली. पट्टे खांद्यात रुतले. तो दोन पावलं मागेच गेला आणि मग पुढे.

वाटेत एखाद्या झाडाआड बसून दगड टाकून द्यावेत असा त्याचा बेत होता. पण काइसाने आजोबांवर लक्ष ठेवायला तूलाला बरोबर दिलं, आणि तूला दिलेलं काम चोख करणारी मुलगी होती. तो झाडाआड वळला की ती म्हणे, "आजोबा, वाट इकडे आहे." तो म्हणाला, मला लघवीला जायचंय. ती म्हणाली, मग पिशवी मी धरते. तिला ती पिशवी जमिनीवरून हलवतासुद्धा आली नसती, म्हणून तो म्हणाला की आता लागली नाही. चढावर हेल्वी मागून आली आणि त्याच्या बरोबरीने चालायला लागली.

"एवढा घाम?"

"उकडतंय."

"कपडेच आहेत ना त्यात? वय झालं एइनो तुझं," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. दगडांपेक्षा हे वाक्य जड होतं.

अर्ध्या वाटेत गुडघ्याने खरंच हात टेकले. एइनो एका ओंडक्यावर बसला तो उठेना. तूला धावत जाऊन बापाला घेऊन आली. रसेल आपलं ओझं पलीकडे टाकून रिकामा आला होता. "द्या इकडे," म्हणत त्याने पिशवीचा पट्टा धरला, उचलली, आणि क्षणभर तशीच अर्धी उचललेली धरून थांबला. त्याने एइनोकडे पाहिलं. एइनोने एका मुंगीकडे पाहिलं. रसेलने पिशवी पाठीवर घेतली आणि एक शब्द न बोलता चालू लागला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर एइनोला बरं वाटलं असतं.

पलीकडे, धबधब्याखाली, हेल्वी पंचा शोधत होती. तिने रसेलची पिशवी रिकामी केली आणि वाळूवर तीन दगड एका ओळीत मांडले. काइसाने बापाकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

"माझेच आहेत," रसेल म्हणाला. "शाळेतल्या मुलांना दाखवायला घेतले. आकार छान वाटले."

आता मात्र एइनोच्या मस्तकात तिडीक गेली. मनुष्य होडी चालवतो, चिरा बुजवतो, रोट्या भाजतो, वर आपल्याला वाचवायला खोटंही बोलतो. असल्या माणसाशी भांडायचं तरी कुठून.

"एक रीतीचा," हेल्वी मुठीएवढ्या दगडाला पाय लावत म्हणाली. "हे दोन कसले? ये जरा इकडे." आणि पंचा धुवायच्या निमित्ताने ती एइनोला पाण्याच्या कडेला घेऊन गेली.

तिथे एइनोचा बांध फुटला. तो म्हणाला की एक्केचाळीस वर्षं ती त्याच्या पुढ्यात बसली. त्याला वाटायचं ती जागा तिचीच आहे. तिने उशी उचलली ती सहज, विचारलं तर म्हणाली सहज, आणि तिकडे जाऊन हसत राहिली. "माझा जळफळाट होतो," तो म्हणाला. "त्याच्यात असं काय आहे ते तरी सांग."

"तो मला मागे बसवतो," हेल्वी म्हणाली.

"कुठे मागे?"

"होडीत. वळणाआड गेलो की वाळूवर लागतो आणि जागा बदलतो. काल सकाळपासून होडी मी चालवतेय. मुक्कामाच्या आधी परत बदलतो, तुला दिसू नये म्हणून."

एइनोला कालची ती दोन खडकांमधली फट आठवली.

"तिथून होडी कोणी काढली?"

"मी. आणि मागे वळून बघते तर तू खडकावर."

"मला का नाही विचारलंस?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. तू म्हणालास, आधी पुढे बसून नदी शीक. शिकले. मग दर वर्षी वाटायचं, आता म्हणेल." तिने पंचा पिळला. "तुझ्या होडीतच बसायचं होतं मला, एइनो. मागे."

ज्या हातांच्या कसबावर तो काल दुपारपासून जळत होता ते हात त्याच्याशेजारी पंचा वाळत घालत होते. आता जळायचं कोणावर हे त्याला कळेना. बायको परत हवी होती, आणि ती मिळवायची किंमत म्हणजे होडीतली ती एकच जागा होती जिथे त्याचं कोणी तरी ऐकत असे.

तो काठावर गेला. लाल होडीतली उशी उचलली आणि हिरव्या होडीत, मागच्या जागेवर ठेवली. मग स्वतः पुढे जाऊन बसला. काइसा काही बोलणार होती, रसेलने तिला हळूच ढोसलं.

धबधब्याखालच्या खळाळात एइनो दात घट्ट आवळून वल्हवत राहिला. डावीकडे, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. हेल्वीने उजवीकडून घेतली आणि होडी एक थेंबही आत न घेता संथ पाण्यात आली. मागून कोणी ओरडलं नाही, कोणी काही ऐकवलं नाही. समोर अख्खी नदी होती, दोन्ही काठांवर स्प्रूसची काळी, उंच झाडं, आणि मधे कोणाचीही पाठ नव्हती. पाचच मिनिटांत एइनोला चुकल्यासारखं व्हायला लागलं. हेल्वी त्याच्या होडीत होती आणि त्याला दिसत नव्हती.

त्याने एकदा मान वळवली. दुसऱ्यांदा वळवली. होडी डुलली. शेवटी त्याने वल्हं आत घेतलं, पाय उचलले आणि तो बैठकीवर फिरून चक्क उलटा बसला, नदीकडे पाठ करून.

शेजारून लाल होडी चालली होती. "आजोबा उलटे का बसलेत?" तूलाने विचारलं.

"बसू दे," हेल्वी म्हणाली. "पुढे वजन लागतंच."

एक्केचाळीस वर्षांत नदीवर हेल्वीचा चेहरा एइनोने पहिल्यांदा पाहिला. ती खुशीत होती. टोपी मागे सरकली होती, ओठ किंचित उघडे होते, आणि डोळ्यांत असं काही होतं की एइनोला तरुणपणी तिच्या दारात उभं राहिल्यासारखं झालं. पण ते डोळे त्याच्याकडे नव्हते. त्याच्या डोक्यावरून पुढे, पाण्यावर लागले होते. एइनोने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याला नदीचाच हेवा वाटायला लागला.

"जरा इकडे बघ की," तो म्हणाला.

"मग आपटू," हेल्वी म्हणाली.