दोन नळ्या, तीन काड्या

"करून दाखवल्याशिवाय कोणी शिकत नाही," हे आजोबांचं ठाम मत. सगळा जन्म शाळेत गेलेला. दगडालाही पाढे शिकवीन, असं ते म्हणत. त्यावर सूनबाई "बिचारा दगड" म्हणून आत निघून जाई.

घरातला ढब्बू अस्सल जातीचा कुत्रा. त्याला मधुमेह होता, रोज सकाळ-संध्याकाळ सुई. याच जातीत हा आजार पिढ्यानपिढ्या का उतरतो, ते प्रयोगशाळेतल्या बाई शोधत होत्या. त्यांना दोन नमुने हवे होते, ढब्बूचा आणि नुकत्याच घरी आणलेल्या त्याच्या पिल्लाचा. गालात आतून कापसाची काडी फिरवायची आणि नळीत घालून द्यायची, एवढंच काम. पिल्लू तर नातीच्या कुशीतून हलायला तयार नव्हतं.

सूनबाईनं मात्र आधीच बजावलं होतं, "पिल्लातही या आजाराचा दोष निघाला तर ते त्याच्या आईच्या घरी परत जाईल. एकाला सुई टोचतानाच माझे हात कापतात."

नमुने गेले. काही दिवसांनी फोन आला, "दोन्ही कुत्र्यांना घेऊन प्रयोगशाळेत या."

प्रयोगशाळेत नातीनं पिल्लाला असं धरलं होतं, जसं पुरात ओंडका धरावा.

"पिल्लाच्या नळीतल्या नमुन्यात दोष आहे," बाई हळूच म्हणाल्या. नातीचे डोळे भरले. सूनबाईनं मान फिरवली. "पण ढब्बूच्या नळीचं काही कळत नाही. हा कुत्रा..."

"अस्सल आहे!" आजोबा उसळले. "सात पिढ्यांची वंशावळ आहे त्याची."

"जातीचं नाही म्हणत, आजोबा. नमुना कुत्र्याचाच नाही."

"मग काय मांजराचा आहे?"

"माणसाचा."

सगळ्यांनी ढब्बूकडे पाहिलं. त्यानं कान खाजवला.

नातीनं नाक पुसलं. "आजोबा, ढब्बू तोंड उघडेना म्हणून तुम्ही आधी स्वतःच्या गालात काडी फिरवून दाखवलीत ना?"

"दाखवणारच. आधी मी, मग ढब्बू, मग पिल्लू. काड्या ओळीनं कागदावर ठेवल्या."

"आणि ओळीनं नळ्यांत घातल्यात. नळ्या दोनच होत्या."

"हो, एक काडी उरली. जादाची दिसते म्हणून टाकली मी..." आजोबांचा आवाज विझला.

"म्हणजे दोष ढब्बूचा," सूनबाई म्हणाली. "आणि पिल्लाची काडी कचऱ्यात."

बाईंनी आजोबांना नम्रपणे बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नव्या काड्या काढल्या. काडी दिसताच ढब्बूनं आणि पिल्लानं शहाण्यासारखी तोंडं उघडली. दाराच्या काचेला नाक लावलेल्या आजोबांनीही.

पुन्हा फोन आला तेव्हा श्वास रोखून ऐकणाऱ्या नातीनं एकदम उडीच मारली. पिल्लाला दोष नव्हता. सूनबाईनं ढब्बूच्या वाटीशेजारी दुसरी वाटी मांडली. मग बैठकीच्या खोलीत डोकावून म्हणाली, "बाबा, त्याला काय हवं ते शिकवा, फक्त करून दाखवू नका."

उशीर झाला होता. आजोबा पिल्लाला 'बस' शिकवत होते. ते स्वतः फरशीवर बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. पिल्लू उभं राहून मन लावून बघत होतं.