वाटेत कधीच बंद न पडलेली गाडी

"सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, पण अकरा वर्षांत माझी मोटारसायकल वाटेत एकदाही बंद पडली नाही," असं चित्रकलेचे मास्तर गेली तीस वर्षं सांगत होते, आणि खरोखरच ते कुणाला खरं वाटत नव्हतं. मास्तर गोष्टीतही रंग भरायचे. एकदा म्हणे शाळेला उशीर झाला, तर गाडी जिन्यावरून थेट दुसऱ्या मजल्यावर वर्गात शिरली. "मग मुख्याध्यापक काय म्हणाले?" असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "काय म्हणणार? गाडीचीही हजेरी लावली!"

एक गोष्ट मात्र ते हळू आवाजात सांगत. संध्याकाळी कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला, की मास्तरीणबाई आत चहा टाकायच्या, आणि मास्तर दारात पाऊल ठेवतात तोच वाफाळता कप हातात यायचा. गाडी विकली आणि तो चहाही गेला. आता चहा मिळायचा तो मागितल्यावर, आणि तोही थर्मासमधला.

एके दिवशी पासपोर्ट फोटो काढायला गेलेल्या मास्तरांना स्टुडिओत, रंगवलेल्या धबधब्याच्या पडद्यापुढे ती गाडी दिसली. लोक तिच्यावर बसून फोटो काढून घेत होते.

"चालते?" मास्तरांनी विचारलं.

"एक नंबर गाडी आहे, मास्तर!" फोटोवाला म्हणाला. "पहिला मालक तर शपथेवर सांगायचा म्हणे, वाटेत एकदाही बंद पडली नाही."

मास्तर वाकले. टाकीच्या झाकणावर पिवळं सूर्यफूल होतं. त्यांनी स्वतः काढलेलं, ऑइलपेंटचे तीन हात देऊन. त्यांनी तिथल्या तिथे पैसे मोजले. स्वतःच्याच शब्दावर विश्वास ठेवून गाडी घेणारं दुसरं गिऱ्हाईक फोटोवाल्याला जन्मात भेटलं नसतं.

"अहो, हे काय आणलंत?" मास्तरीणबाईंनी दारातच विचारलं.

"ओळखलं नाहीस?"

"ओळखलं म्हणूनच विचारतेय."

त्या जातीच्या गाड्या आता गावात आणखी दोनच उरल्या होत्या. एक दातांच्या डॉक्टरांची, दुसरी बेकरीवाल्याची. अशा गाड्यांच्या मालकांचं काही वेगळंच असतं. सख्ख्या भावाला पाना देणार नाहीत, पण तसलीच गाडी आजारी आहे म्हटलं की जेवणावरून उठून येतील. रविवारी दोघंही आले. फोटोवालाही आला, कारण विकलेल्या मालाची त्याला काळजी वाटत होती.

डॉक्टरांनी दवाखान्यातली बारीक हत्यारं काढून कार्बोरेटर साफ केला. सवयीनं दोनदा "आ करा" म्हणाले. बेकरीवाल्यानं चेन केरोसिनमध्ये भिजवून कणीक मळल्यासारखी चोळली. चौथ्या किकला गाडी सुरू झाली आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बेकरीवाल्याच्याही आलं, पण ते धुरामुळे.

मास्तर जुन्या शाळेपर्यंत चक्कर मारून परतले आणि घराच्या कोपऱ्यावर गाडी फुस्स करून थांबली. झाकण उघडून पाहिलं, तर पेट्रोल भरपूर. चौघांनी ढकलत दारात आणली. मास्तरीणबाई चार कप गरम चहा घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं?" फोटोवाल्यानं विचारलं. त्यांनी पहिला कप त्याच्याच हातात दिला.

"हा तो चहा नव्हे," मास्तर कप घेत पुटपुटले. "ही कीव आहे."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, पूर्वी कधी असं व्हायचं?"

"छे! अकरा वर्षांत एकदाही नाही!"

"म्हणजे जुनं दुखणं नाही. नवीन काहीतरी आहे."

झालं! नवीन दुखणं शोधणं सुरू झालं. पुढच्या रविवारी बेकरीवाल्यानं आपल्या गाडीची कॉइल काढून बसवली. गाडी शाळेपर्यंत गेली आणि परतताना कोपऱ्यावर थांबली. त्याच्या पुढच्या रविवारी डॉक्टरांनी आपला कार्बोरेटर दिला. कोपरा. मग क्लच, मग सगळ्या वायरी. कोपरा! पाचव्या रविवारी डॉक्टर आणि बेकरीवाला दोघंही चालत आले, कारण त्यांच्या गाड्यांचे निम्मे अवयव मास्तरांच्या गाडीत होते. आणि दर खेपेला ढकलत दारात पोचावं, तर चहा तयार.

"आता माझं दुकानच काय ते बसवायचं राहिलंय," बेकरीवाला वैतागून म्हणाला.

डॉक्टर टाकीचं झाकण हातात घेऊन बसले होते. कुठं खळगा दिसला की टोचून बघायची त्यांना सवयच होती. सूर्यफुलाच्या मधोमध त्यांनी सुई टोचली. रंगाचा एक टवका उडाला आणि सुई आरपार गेली.

"सापडलं! इथं हवेसाठी भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि थोडं अंतर गेलं की गाडी बंद. झाकण उघडून थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू."

"पण कुठल्या गाढवानं बुजवलं?" बेकरीवाला ओरडला.

मास्तर दोरीवरचे वाळत घातलेले कपडे निरखून बघू लागले.

"फूल मात्र सुरेख काढलंय हं," फोटोवाला म्हणाला.

"सुरेखच आहे," मास्तर म्हणाले.

मग मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, उरलेले केस विंचरले आणि एकटेच निघाले. तिघं फाटकात कान देऊन उभे राहिले. पाऊण तासानं लांबून फटफट ऐकू आली. ती कोपऱ्यावर आली. बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले. पण आवाज थांबला नाही! तसाच ठणठणीत वळला आणि दारापर्यंत आला. तीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे मास्तर गाडीवरून उतरले आणि दाराकडे पाहत राहिले.

कुणी बाहेर आलं नाही. मास्तर आत गेले, त्यांच्यामागून तिघंही गेले. मास्तरीणबाई शांतपणे शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. गॅस बंद. ओटा कोरडा.

"अगं, ऐकू आलं नाही तुला?" मास्तरांनी विचारलं. "कोपऱ्यावर आवाज आला ना! मग चहा कुठाय?"

"आवाज आला की चहा टाकायचे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. "आवाज बंद झाला की टाकायचे मी. अकरा वर्षं रोज त्या कोपऱ्यावर बंद पडायची ती. तुम्ही ढकलत दारापर्यंत यायचात, तोवर बरोबर उकळी यायची. आज थांबलीच नाही, तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची तरी गाडी आली."